गव्हाची उलटतपासणी

गेल्या आषाढात माझे पोट रोज दुपारच्या जेवणानंतर तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे फुगू लागले, तेव्हा मी दोष आधी खुर्चीला दिला, मग वयाला, आणि अखेरीस एका सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून गव्हाला. पोट फुगणे, कारण नसताना थकवा, वरचेवर तोंड येणे, डोके जड होणे ही ग्लूटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, न मानवण्याची लक्षणे त्याने मला मोठ्या तळमळीने सांगितली. मार्चअखेरीस आमच्या कार्यालयात ही सर्व लक्षणे शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकात आढळतात, हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

मी पोळी सोडली. "तीन पिढ्या पोळ्या खाऊन जगल्या, तुझंच पोट कुठलं राजघराण्यातलं?" असे आईने विचारले, आणि भाकऱ्या थापण्याचे काम वाढलेल्या पत्नीने काहीच विचारले नाही, जे अधिक गंभीर होते. आठ दिवस मी निष्ठेने ज्वारी-नाचणीवर काढले. नवव्या दिवशी, तळलेली तिसरी कुरडई तोंडात असताना, ती गव्हाच्या चिकाची असते हे मला आठवले. त्या धक्क्याने स्वयंपाकघराची झडती घेतली, तर थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू, आणि हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ! म्हणजे पोळी सोडून मी रोजची आमटी मात्र गव्हाची फोडणी देऊन भुरकत होतो.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "गहू कुणाला विचारून बंद केलात?" सीलिअ‍ॅक या आजारात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर खराब करते, त्याचा माग रक्तातील टीटीजी या प्रतिपिंडांवरून लागतो, परंतु गहू सोडला की ती प्रतिपिंडे ओसरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, असे त्यांनी समजावले. वजन घटते का, हिमोग्लोबिन कमी आहे का, घरात कुणाला हा आजार आहे का, हेही त्यांनी विचारले. नुसत्या ग्लूटेन-संवेदनशीलतेची स्वतंत्र चाचणीच नाही; बाकीचे संशयित सुटल्यावर मगच तिच्याकडे बोट दाखवता येते. तेव्हा सहा आठवडे रोज पोळ्या खा आणि मग रक्त द्या, असा हुकूम घेऊन मी घरी आलो. त्या रात्री आईने मला चार पोळ्या वाढल्या. तिच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचे समाधान होते.

सहा आठवड्यांनी अहवाल निर्दोष आला. तो बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाले, "गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करा असते, पुष्कळदा पोट तीच फुगवते. कांदा-लसणातही ती भरपूर असते. तुम्ही कांदा किती खाता?"

मी घरी परतलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि पत्नीने भज्यांसाठी पाच कांदे चिरून ठेवले होते. डॉक्टर काय म्हणाले, असे तिने विचारले. पोळी निर्दोष सुटली, एवढेच मी सांगितले.