केसपेपरवरचे दोन शब्द

नमस्कार सर,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात शिक्षक आहात असं कळलं, म्हणून सर म्हणतो. कुत्रं चावल्यावर भरपाई कशी मागावी, यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप असे: पाच हजारांसाठी गरिबाला पंधरा हेलपाटे घालायला लावू नका. पंजाबातला निकाल दाखवून इथल्या लोकांना आशेला लावू नका. शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून पोलिसात गेलं की दोन घरांचं बोलणं कायमचं तुटतं, आणि कागद सगळे कन्नडमध्ये, आपल्या माणसाला त्यातलं काय कळणार? शेवटी लिहिलंत, "आमच्या शाळेतल्या एका पोराला चावलं, इंजेक्शन दिलं, विषय संपला."

पंजाबच्या निकालाबद्दल तुमचं बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,००० रुपये ठरवून दिले. पण ते पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरतं. आपल्याला वरचं कोर्ट म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. तिथं वकील तो निकाल दाखवू शकेल, पण न्यायाधीशांनी तो मानलाच पाहिजे असं नाही. मी आकडा लिहिला आणि ही गोष्ट लिहिली नाही. वाचणाऱ्याचा गैरसमज व्हावा अशीच ती चूक होती. आता दुरुस्त केली आहे.

हेलपाट्यांचं मात्र मला सविस्तर सांगू द्या, कारण ते मी घरात बघितलेत.

माझी काकू पहाटेच्या गाडीनं कोथिंबिरीची बुट्टी घेऊन बेळगावला विकायला जाते. मागच्या पावसाळ्यात बाजाराच्या तोंडाशी, कचऱ्याच्या ढिगाजवळच्या कुत्र्यानं मागून येऊन तिची पोटरी धरली. कुणीतरी हळद आणि चुना भरून वर फडकं बांधलं आणि तिला घरी पाठवलं. मी नळाखाली तिचा पाय धरून बसलो. चुना घट्ट बसला होता, साबणानंही लवकर सुटेना. लेप गेला तेव्हा चार खोल भोकं दिसली आणि एका बाजूची कातडी उलटून लोंबत होती. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं, हा सगळ्यात पहिला उपचार बाजारातच व्हायला हवा होता. तो दोन तासांनी झाला.

दवाखान्यात पुढचं नीट झालं. लस दिली, जखम खोल म्हणून जखमेच्या आत आणि भोवती रेबीजविरोधी सिरम टोचलं. पण गर्दी होती, आणि केसपेपरवर घाईघाईत एकच शब्द लिहिला गेला: 'गाय'. कन्नडमध्ये गाय म्हणजे जखम. आम्ही तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. दोन महिन्यांनी भरपाईचा अर्ज केला, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसानं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यात कुत्रं कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. पोटरी तारेनंही फाटते, पत्र्यानंही फाटते. मग सुरू झालं, दवाखान्यातून दाखला आणा, तिथं म्हणे जुनं रजिस्टर आत ठेवलंय, उद्या या, डॉक्टर बदलून गेलेत. काकूचा सहा आठवडे बाजार बुडाला आणि हाताला रुपया लागला नाही. सर, तुम्ही म्हणता त्या पंधरा हेलपाट्यांतले बारा तरी आम्ही त्या एका शब्दापायी घातले. पहिल्याच दिवशी खिडकीवरून हलण्याआधी कागदावर 'नायी कडित', म्हणजे कुत्र्याचा चावा, हे दोन शब्द आहेत का एवढं बघितलं असतं, तर ते वाचले असते. शरीराचा कोणता भाग, जखमा किती, कुठं आणि किती वाजता चावलं, हेही डॉक्टरांना तिथंच लिहायला सांगायचं. लाजायचं नाही, तो आपला हक्क आहे. पट्टी बांधण्याआधी जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. औषधाची आणि गाडीभाड्याची चिठ्ठी फेकायची नाही.

आणखी एका गोष्टीत आम्ही चुकलो. अर्ज आधी आमच्या गावच्या पंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे दिला. पण चावलं होतं शहरात. राहतो कुठं याला महत्त्व नाही, ज्यांच्या हद्दीत चावलं त्यांच्याकडे जायचं, म्हणजे महापालिकेकडे. आपल्या भागात ही चूक सहज होते. माणूस चंदगड तालुक्यातला, बाजार बेळगावचा आणि दवाखाना तिसरीकडंच. पोलिसांत मात्र जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि गुन्हा नोंदला की तक्रारदाराला त्याची प्रत फुकट मिळते.

आता पाच हजारांचं. भटक्या कुत्र्याच्या चाव्याला ५००० आणि मृत्यूला ५ लाख रुपये असं कर्नाटक सरकारनं ठरवलंय. त्या ५००० मधले ३५०० जखमी माणसाला आणि १५०० उपचारापोटी सरकारच्याच सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टला. कमीच आहेत, मीही तेच म्हणतो. पण जिचे सहा आठवडे बुडाले तिला ३५०० रुपये म्हणजे दोन महिन्यांचं रेशन आणि पोराची फी, ते सोडून द्या असं मला तिला सांगवत नाही. नुकसान त्याहून मोठं असेल तर दिवाणी दावा आहे, धारवाडला रिट याचिका, म्हणजे थेट उच्च न्यायालयात मागायची दाद आहे. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून वकिलाकडे जायला वर्ष लावू नये.

त्या वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला आणि लहान मुलाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. बेळगावच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, १५१०० वर फोन लागतो. काकूला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

शेजाऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं, कारण ते खरं आहे. पाळलेलं कुत्रं निष्काळजीपणानं मोकळं सोडलं आणि कुणाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्या वाटेनं आधी जा असं मी म्हणणार नाही. याच विधी सेवा समितीकडे अर्ज देऊन, कोर्टात केस न घालताही, प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं. दोन्ही घरं समोरासमोर बसतात, इंजेक्शनचा खर्च आणि बुडालेला रोज किती ते ठरतं, आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. नाहीतर घडतं काय? न बोलता धुसफूस चालते आणि एके रात्री कुणीतरी त्या कुत्र्याला विष घालतं. ते पाप तर आहेच, शिवाय चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवून त्याला रेबीज आहे का, हे कळण्याची सोयही संपते. लस मात्र त्या दहा दिवसांची वाट न बघता लगेच सुरू करायची.

भाषेचं. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. सीमाभागात हा वाद किती जुना आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्याची पोटरी फाटली आहे त्याच्या अर्जावर तो वाद लढवू नये असं माझं मत आहे. वर मराठी, खाली कन्नड, आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का. असे शिक्के मारलेले पाच अर्ज एकाच चौकातले असले, तर आम्हाला ठाऊक नव्हतं असं पालिकेला म्हणता येत नाही. आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे त्यांचंच काम आहे.

राहता राहिला तुमच्या शाळेतला मुलगा. सर, विषय संपला असं लिहिलंत, तिथं मला धडकी भरली. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. दंडाच्या स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही येतो. जखम वाळली की शेवटचा डोस लोक चुकवतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. त्याचे सगळे डोस झालेत का? आईला बोलवून केसपेपर मागवून घ्या. तुम्हाला कन्नड वाचता येत असेल, त्याच्या आईला बहुधा येत नसेल. 'नायी कडित' लिहिलंय का ते तुम्हीच बघा. नसेल तर या आठवड्यातच तिच्याबरोबर दवाखान्यात जा, रजिस्टर अजून बाहेरच असेल.