नाशिकच्या सिडकोतल्या आजींना उत्तर: ‘उचलू का?’ हे चोचले नाहीत

नमस्कार आजी,

पाळणाघरात बाळाला कसं उचलावं, लंगोट कसं बदलावं यावरचा आमचा लेख वाचून तुम्ही पत्र लिहिलंत. तुमचा नातू आठ महिन्यांचा. पाळणाघरातली ताई त्याला ‘उचलू का?’ असं विचारून थांबते, याला तुम्ही परदेशी चोचले म्हटलंत. घरात मराठी आणि तिथे एक ताई हिंदी, दुसरी अहिराणी बोलते, म्हणून पोर गोंधळेल आणि उशिरा बोलेल, ही तुमची दुसरी तक्रार. राईची उशी ताईने परत पाठवली, ही तिसरी. आणि शेवटची ओळ: ‘एकेका बाईकडे आठ-आठ बाळं असताना हे लिहायला सोपं आहे.’ ही ओळ खरी आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

हिशेब करून बघू. नऊ तासांत वर्षाखालच्या बाळाचं लंगोट किंवा डायपर पाच-सहा वेळा बदलावं लागतं. घाईत एका खेपेला दोन मिनिटं, आमच्या लेखातल्या पद्धतीने चार. चार बाळं असतील तर दिवसाला वीस-चोवीस खेपा, म्हणजे पाऊण तास जास्तीचा. तो निघतो. आठ बाळं असतील तर चाळीसच्या वर खेपा, आणि तीन तास नुसते त्यातच जातात. भरवणं, झोपवणं वेगळंच. आठ बाळांना हे जमणार नाही, आणि त्यात ताईचा दोष नाही.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई आणि जोडीला मदतनीस, असं आहे. पण अडीच वर्षांचं पोर स्वतः चप्पल घालतं आणि सात महिन्यांचं नुकतंच बसायला लागलेलं असतं. दोघांना एकाच मापात मोजून कसं चालेल? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस अशी आहे. तेव्हा पाळणाघरात एकूण किती मुलं आहेत हे विचारू नका. ‘आमच्या बाळाची ठरलेली ताई कोण, तिच्याकडे वर्षाखालची किती, आणि ती जेवायला गेली की कोण बघतं?’ असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला लगेच उत्तर आलं नाही, तर काय ते समजा.

आता ‘उचलू का?’ बद्दल. आठ महिन्यांच्या बाळाला ‘का’ कळत नाही, मान्य. कळतो तो समोर आलेला हात, आवाजाचा सूर आणि त्यानंतरची थांबलेली वेळ. यात परवानगी कुणी मागत नाही, बाळाला आगाऊ कल्पना द्यायची एवढंच. तुम्ही नातवाला पायांवर घेऊन आंघोळ घालताना ‘हं, डोळे मीट, पाणी आलं’ म्हणत असाल, तर तेही हेच. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या डॉक्टरबाईंनी १९४६ मध्ये पोरक्या बाळांसाठी जे घर काढलं, तिथे ही पद्धत घडली. युद्धानंतरच्या तंगीच्या त्या काळात चोचले कुणाला परवडत होते?

पद्धत अशी. बाळाला आणण्याआधी सगळं हाताशी मांडायचं: धुतलेलं लंगोट, मऊ सुती कापडाचे चार-पाच तुकडे, कोमट पाणी, झाकणाची बादली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हात एकमेकांवर घासून गरम करायचे. गार हात लागला की बाळ आक्रसतं, आणि मग ते ‘हट्टी’ ठरतं. मागून उचलायचं नाही. समोर बसायचं, ‘लंगोट ओलं झालंय, बदलूया’ म्हणायचं, दोन्ही तळवे वर करून हात पुढे करायचे आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. काही दिवसांनी बघा, खांदे किंचित वर होतात, हात पुढे येतात. कुशीत येताना अंग ढिलं असतं, ओंडक्यासारखं ताठ नसतं.

आणि तोंड फिरवलं तर? लंगोट तर बदलायचंच आहे. म्हणून ‘बदलू का?’ विचारायचंच नाही. विचारून ‘नाही’ला किंमत द्यायची नसेल, तर ‘आता बदलते, खेळतोयस ती वाटी हातात राहू दे’ हेच प्रामाणिक. बदलताना दोन्ही पाय धरून कोंबडीसारखं उलटं उचलायचं नाही. कमरेखाली हात घालून कुशीवर वळवायचं. पुसणं पुढून मागे, एक हात कायम बाळावर. शेवटी आपले आणि बाळाचेही हात साबणाने.

चुका ठरलेल्या आहेत. विचारणं आणि उचलणं एकाच श्वासात होतं, ही सगळ्यांत नेहमीची. दुसरी म्हणजे आकाशवाणीसारखं अखंड बोलत राहणं; बाळाने ‘अं’ केलं तर ते ऐकायला जागाच उरत नाही. तिसरी, तोंडासमोर मोबाइल धरून खाली काम उरकणं. त्यात बाळ शांत राहतं खरं, पण आपल्या अंगाला कोण हात लावतंय याकडे त्याचं लक्षच नसतं.

भाषेच्या बाबतीत मात्र आम्ही तुमच्याशी सहमत नाही. सहा-आठ महिन्यांपर्यंत बाळाचा कान सगळ्या भाषांना उघडा असतो. इंग्रजी घरातली त्या वयाची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखतात, वर्षाची होईतो ती ताकद ओसरते; १९८४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. आपल्या भाषेत तर ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा, ल आणि ळ वेगळे. हे कान टिकतात ते समोरच्या माणसाच्या बोलण्याने. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर २००३ मध्ये चिनी भाषेचा प्रयोग झाला: समोर बसून बोलणाऱ्या बाईकडून ती शिकली, तेच टीव्हीवर दाखवल्यावर शिकली नाहीत. म्हणून पाळणाघरात इंग्रजी बालगीतांचा टीव्ही लावतात, त्यापेक्षा बागलाणकडच्या ताईची अहिराणी शंभर पटींनी बरी.

बोलायला उशीर होईल ही भीती शब्द मोजण्याच्या चुकीतून येते. ‘मांजर’ आणि ‘बिल्ली’ दोन्ही म्हणणाऱ्याचे शब्द दोन धरायचे. दोन भाषांतली मुलंही साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोनच्या सुमारास दोन शब्द जोडून बोलतात. वर्षाचं होईतो ‘बाबाबा’सारखी बडबड नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासा. हिंदीवर खापर फोडण्यात महिने जातात.

खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो. पालकांना बरं वाटावं म्हणून ताईला इंग्रजी बोलायला लावतात. मग दिवसभर ‘कम’, ‘सिट’, ‘नो’, ‘व्हेरी गुड’. जी बाई स्वतःच्या भाषेत बाळाशी दहा मिनिटं गप्पा मारते, तिच्याकडे फक्त हुकूम उरतात. ताईने तिच्या भाषेत बोलावं. बाळाच्या घरचे आठ-दहा शब्द मात्र शिकून घ्यावेत. तुमच्या घरी ‘मम’ म्हणजे भात असेल, तर हिंदी बोलणाऱ्या कित्येक घरांत ‘मम’ म्हणजे पाणी. बाळ ‘मम’ म्हणून रडतंय, ताई पाण्याची वाटी लावतेय, ते तोंड फिरवतंय. दोघंही बरोबर आणि दोघंही वैतागलेली. जोजो, भुर्र, बाऊ, शू, दुदू यांचा तुमच्या घरचा अर्थ आणि झोपवताना गुणगुणायची ओळ एका कागदावर लिहून ताईला द्या. मराठी वाचता येत नसेल तर म्हणून दाखवा. रडताना समजूत शक्यतो घरच्याच शब्दांत घालायची, एवढा एक नियम आम्ही धरतो.

राहिली उशी. राईची उशी ताईने परत पाठवली ते योग्यच केलं. डोक्याला आकार यावा म्हणून ती देतात, पण वर्षाखालच्या बाळाला झोपताना उशी नको, सैल पांघरूण नको. कडक, सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवायचं. उशीत तोंड गेलं तर त्याला मान फिरवता येईलच असं नाही. उशीऐवजी तुमच्या जुन्या लुगड्याचं दुपटं पाठवा, न धुता, एक रात्र तुमच्याजवळ ठेवून. जागेपणी जमिनीवर खेळताना ते त्याच्याखाली राहू दे. झोपायची वेळ झाली की ताई काढून घेईल, तेव्हा रागावू नका.