‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : कौलांवरचं शेवाळ आणि माझा पत्ता

सडेतोड महाशय,

प्रतिक्रिया वाचली. सकाळचा चहा घेताना वाचली, त्यामुळे चहा गार झाला. तुमचं तेवढं उद्दिष्ट असेल तर ते साधलं म्हणायचं.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कौलांवरचं शेवाळ दिवाळीनंतर, शक्यतो फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्यात काढावं, शिडी आणि दोर घेऊनच वर जावं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर सडेतोड म्हणतात : ‘पुण्यात बसून कोकणातल्या माणसाला कौलावर चढायला शिकवू नये. आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं हीच मंगळुरी कौलं अनवाणी परतली, दोराशिवाय, आणि कुणी पडलं नाही.’ पुढे शेवाळ पावसातच मऊ असतं, प्रेशर वॉशरने, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारणाऱ्या यंत्राने, तासाभरात काम होतं, शेवाळाने कौलाचं काही बिघडत नाही, शेवाळ मारायला वापरलेल्या मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) पाणी विहिरीत जाईल त्याचं काय, तारेचा ब्रश का नको, असं बरंच आहे. आणि शेवटी, ‘असो, चालू द्या तुमचं…’

हे ‘चालू द्या’ आणि त्यापुढची तीन टिंबं नसती तर मी दोन ओळींत आभार मानून मोकळा झालो असतो. मतभेदाला माझी ना नाही. पण वेड्याला वाटेला लावावं तशा सुरात कुणी बोललं की मग मीही लिहायला बसतो.

आधी कबूल करण्यासारखं करून टाकतो. ओलं शेवाळ सुक्यापेक्षा सहज निघतं, हे तुमचं बरोबर आहे. लेखात तसं लिहायला हवं होतं. फक्त ज्या ओलीने शेवाळ सुटतं त्याच ओलीने पायही सुटतो, एवढं तुम्ही सोयीस्कर विसरलात. म्हणून मी फेब्रुवारी-मार्च म्हटलं. तेव्हा ते वाळून कुरकुरीत झालेलं असतं आणि बरंचसं कांबटीने, म्हणजे बांबूच्या पट्टीने, ढोसललं तरी निघतं. राहिलेल्या चिवट पट्ट्यावर आदल्या संध्याकाळी थोडं पाणी मारा, की झालं.

आता पुण्याबद्दल. हो, मी पुण्यात राहतो, कारण नोकरी पुण्यात होती. घर राजापूर तालुक्यात आहे. जांभ्या चिऱ्याचं, दोन पाख्यांचं (म्हणजे छपराला दोन उतार), पुढे पडवी, मागे न्हाणी. ते अजून उभं आहे आणि गळत नाही, ते काही पुण्यातून मंत्र म्हणून नव्हे. वडिलांनी मला पहिल्यांदा कौलांवर चढवलं तेव्हा मी शाळेत होतो. परीक्षा संपली की एप्रिलमध्ये आमच्याकडे कौलं परतायचं, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायचं काम निघायचं, आणि माझं वजन कमी म्हणून आढ्याकडची, छपराच्या माथ्यावरची कौलं माझ्या वाट्याला यायची. कौलाच्या मधोमध पाय दिला की वडील खालून ओरडायचे. पाय द्यायचा तो कौलाच्या खालच्या टोकाला, जिथे एकावर एक कौल बसतं आणि खाली रीप, म्हणजे आधाराची आडवी लाकडी पट्टी असते. मध्ये पोकळ असतं, तिथे कौल टिचतं. हे मी वाचून लिहिलेलं नाही. टिचलेल्या कौलाबद्दल खाल्लेल्या बोलण्यांवरून लिहिलं आहे.

आणि दोर नव्हता म्हणता? तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे बांबूची शिडी पाख्यावर उताराच्या दिशेने झोपवायचे, तिच्या वरच्या टोकाला काथ्याचा दोर बांधून तो आढ्यावरून पलीकडच्या बाजूला न्यायचे आणि तिथल्या पडवीच्या खांबाला आवळायचे. माणूस त्या शिडीवरून चालायचा, कौलांवर नाही. भार बऱ्याच कौलांवर विभागला जायचा, आणि घसरला तरी हाताला पायरी लागायची. याला तुम्ही पुणेरी थेर म्हणणार असाल तर माझ्या आजोबांना पुणेकर ठरवावं लागेल, आणि त्यांनी पुणं पाहिलंसुद्धा नव्हतं.

‘शेकडो वर्षं हीच कौलं’ याबद्दलही बोलायला हवं, कारण इतिहासाची फेक तुम्ही केलीत, मी नाही. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात काढला 1865 साली. त्यानंतर ही कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर आली. त्याआधी आपल्या पूर्वजांच्या डोक्यावर नळीची कौलं होती, नाहीतर गवत आणि पेंढा. तेव्हा पणजोबांना साक्षीला बोलावताना जरा तपासून बोलवा.

‘कुणी पडलं नाही’ हे वाक्य मात्र मला खरोखर लागलं. आमच्या वाडीत कौलं चाळायला येणारे एक काका होते. हात इतका हलका, की ते वर असले तरी खाली माजघरात आवाज यायचा नाही. एका ऑगस्टमध्ये चार दिवसांची उघडीप मिळाली म्हणून शेजारच्या घरी त्यांना ‘जरा बघता का, गळतंय’ म्हणून वर चढवलं. अनवाणी, दोराशिवाय, तुमच्या पूर्वजांसारखे. ऊन पडलं होतं, पण उत्तरेकडचं पाखं चार दिवसांत आतून वाळत नाही. तिथलं शेवाळ वरून सुकल्यासारखं दिसतं आणि खाली स्पंजासारखं पाणी धरून असतं. काका वळचणीवरून थेट दगडी पायरीवर आले. जगले, पण कमरेतून कायमचे वाकले, आणि त्यांच्या मुलाने ते काम घेतलं नाही. वाडीत आजही विचारा, ‘पडले बिचारे, नशीब’ असं म्हणतील. नशिबाच्या खात्यावर गेलेली माणसं तुमच्या ‘कुणी पडलं नाही’मध्ये मोजली जात नाहीत, हा तुमच्या हिशेबाचा घोटाळा आहे. तुम्ही अजून पावसात चढत असाल तर चढा. वय सांगितलेलं नाहीत, पण लिहिण्यावरून तरुण वाटता.

अनवाणी चढण्याला माझा तसा विरोध नव्हता, हे लेख पुन्हा वाचलात तर दिसेल. कोरड्या कौलावर स्लिपरपेक्षा अनवाणी पाय शंभर पटींनी बरा. मी मऊ रबरी तळाचे बूट सुचवले ते खिळे आणि विंचू यांच्यासाठी. शिडीबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर, आणि खाली धरायला मोबाईल न बघणारा माणूस. विजेची सर्व्हिस वायर कुठून आली आहे ते चढायच्या आधी बघायचं, ओला बांबू घेऊन वर गेल्यावर नाही.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही.

प्रेशर वॉशर : कौलांची रचना वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी आहे. शंभर बार दाबाची धार तुम्ही शिडीवर उभं राहून खालून वर मारणार, ती सांध्यातून आत जाणार आणि माळ्यावरचं भात भिजणार. शिवाय धारेचा धक्का हातातून थेट शिडीला बसतो. तुमच्या मित्राने केलं आणि काही झालं नाही, बरं झालं.

शेवाळाने काही बिघडत नाही : वरवर खरं आहे, त्याला मुळं नसतात, ते कौल फोडत नाही. पण उत्तरेकडच्या पाख्यावरचं एक कौल उचलून बघा. बाजूच्या खाचेत शेवाळाची गादी बसलेली असते, पाणी त्या खाचेतून वाहायचं सोडून कडेवरून आत उतरतं. खालची रीप काळी पडलेली दिसेल, तिच्यात नख रुततं. नख रुतलं नाही तर खुशाल ठेवा शेवाळ, मला काय.

मोरचूद आणि विहीर : मी ‘लागलंच तर’ असं लिहिलं होतं, आणि पागोळ्यांचं पाणी विहिरीकडे किंवा माशांच्या टाकीकडे जात असेल तर वापरू नका, असंही. ते वाक्य तुम्ही गाळलंत. पोफळींवर कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणारा बुरशीचा रोग) बोर्डो मिश्रण मारताना, म्हणजे शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना ओतताना, विहिरीची एवढी आठवण येते का, हेही एकदा सांगा.

राहिला तारेचा ब्रश. तारेने कौलाचा वरचा भाजलेला पापुद्रा खरवडला जातो, कौल खरखरीत होतं आणि शेवाळाला धरायला आयतीच जागा मिळते. काथ्याचा कुंचा घ्या. आढ्याकडून वळचणीकडे ओढा. उलट ढकललंत तर कौल रिपेवरून उचकटतं, आणि मग ते बसवायला पुन्हा वर जावं लागतं.

आणि पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. माझं नाव, गाव आणि आता पत्ताही तुमच्याकडे आहे.