बुडायचंच तर ऐटीत बुडा

धंद्यात उतरायचं मनात असेल, तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये लेथवर हात काळे करणाऱ्यांचं काही ऐकू नका. ही माणसं बँकेनं मंजूर केलेल्या सीसी लिमिटच्या, म्हणजे कर्जमर्यादेच्या आत राहतात, महिन्याच्या महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतात आणि साठी उलटली तरी स्कूटरवरच फिरतात. शिकायचं तर १९९७ च्या आशियाई चलनसंकटात बुडालेल्या बँकॉककडून शिका.

तिथल्यांनी कर्ज डॉलरमध्ये काढलं. व्याज कमी, आणि डॉलर २५ बाहतच्या (बाहत म्हणजे थायलंडचं चलन) आसपास राहील याची काळजी सरकार घेतच होतं. फेड थोड्या मुदतीची, पैसा मात्र घातला टोलेजंग इमारतींत. तुम्हीही गंगापूर रोडला टॉवर उठवा, पाथर्डी फाट्याला प्लॉट घ्या. गिऱ्हाईक कुठून येणार असं कोणी विचारलंच, तर ‘कुंभमेळा येतोय’ म्हणा. पुढचा प्रश्न येत नाही.

२ जुलै १९९७ ला थायलंडनं बाहतचा भाव बाजारावर मोकळा सोडला आणि जानेवारीत डॉलर ५० बाहतच्या पलीकडे गेला. नवी वीट न रचता कर्ज दुप्पट! डिसेंबरात ५६ फायनान्स कंपन्यांना कायमचं टाळं लागलं. घाबरू नका. इमारत विकली गेली तर नफा तुमचा, नाही गेली तर ते राष्ट्रीय संकट. एवढा फरक कळला की बाकीचं सीए बघतो.

आपली संधी थोडक्यात हुकली. भांडवली खात्यावर रुपया पूर्ण खुला करायची, म्हणजे गुंतवणुकीचा आणि कर्जाचा पैसा देशात मोकळेपणानं आणू-नेऊ द्यायची वाट रिझर्व्ह बँकेच्या तारापोर समितीनं मे १९९७ मध्येच आखून दिली होती, २००० पर्यंत. महिन्याभरात बाहत कोसळला आणि आपली मंडळी कचरली. म्हणून तर आपण फारसे होरपळलो नाही. कसला हा मागासलेपणा!

खापर फोडायला डोकं आधीच हेरून ठेवा. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांना चलनांवर सट्टा खेळणारा जॉर्ज सोरोस सापडला. नाशकात तुम्ही कांदा उत्पादकावर भागवा. भाव चढला की महागाई त्याच्यामुळे, पडला की त्यानं लागवडच जास्त केली. (त्याला बुडायला डॉलरही लागत नाही, एक निर्यातबंदी पुरते.)

मग देशप्रेम काढा. जानेवारी १९९८ मध्ये दक्षिण कोरियात लोकांनी रांगा लावून लग्नाच्या अंगठ्या, पोरांच्या पहिल्या वाढदिवसाचं सोनं मोडायला दिलं. दोनशे टनांहून जास्त जमलं. बेसुमार कर्ज काढलं होतं बड्या उद्योगसमूहांनी, पण अंगठ्या घरोघरच्या. तुमचंही आवाहन सराफ बाजारात झळकू द्या. घरच्या पाटल्या तेवढ्या आदल्या दिवशी लॉकरमध्ये गेल्या पाहिजेत.

कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कागदावर सही करायची वेळ आलीच, तर फोटोवाल्यांना बाहेर काढा. इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो वाकून सही करताहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख कामदेसू हाताची घडी घालून शेजारी उभे, हा जानेवारी १९९८ चा फोटो जगभर गेला. मे महिन्यात सुहार्तोंची बत्तीस वर्षांची सत्ता गेली.

रुपयाचं काय, असं कोणी कुरकुरलं तर नाशिकरोडच्या प्रेसकडे बोट दाखवा. नोटा आपल्याच गावात छापतात, कमी कशा पडतील? डॉलर तिथे छापत नाहीत, हे बोलायची गरज नाही.

एवढं करूनही फसलंच, तर बँकॉकच्या एका माजी शेअर दलालाचा कित्ता गिरवा. कर्जात बुडाल्यावर तो रस्त्यावर सँडविच विकू लागला. आपल्याकडे मिसळ चालेल. गिऱ्हाईक म्हणून तुमचेच फ्लॅट बुक केलेले लोक येतील. त्यांना उधार देऊ नका.