‘लुबुंटू एलटीएस टाका, पाच वर्षं बघायला नको’ हे खरं नाही

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शिक्षकांच्या ग्रुपवर आला, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आला, पतसंस्थांची कामं करणाऱ्या पोरांनीही तो पुढे ढकलला. मजकूर थोडक्यात असा: जुनं मशीन भंगारात देऊ नका, त्यावर लुबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी हलकी लिनक्स प्रणाली, टाका. एलटीएस (जास्त मुदत अपडेट मिळणारी आवृत्ती) आहे, म्हणजे पाच वर्षं बघायला नको. पुढे अपडेट थांबले तरी बिघडत नाही, लिनक्सला व्हायरस येत नाही. आणि हलकं असल्यामुळे कितीही जुन्या मशीनवर चालतं.

मशीन भंगारात देऊ नका, हे शंभर टक्के मान्य. चार जीबी रॅम आणि एक साधी एसएसडी टाकली तर दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉपही शाळेच्या लॅबमध्ये किंवा पेढीवर नीट काम देतो. लुबुंटूही चांगलं आहे, मी ते लोकांना बसवून देतो. म्हणूनच या मेसेजचा त्रास होतो. लोक विश्वासाने मशीन हातात देतात आणि त्यांना मुदत चुकीची सांगितली जाते.

पाच वर्षं ही मुदत मूळ उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या एलटीएसची आहे. ती कॅनॉनिकल ही कंपनी देते. लुबुंटू आणि झुबुंटू हे उबुंटूचे फ्लेवर, म्हणजे पाया तोच पण डेस्कटॉप वेगळा. त्यांचा डेस्कटॉप सांभाळणारी माणसं मोजकी आणि बहुतेक स्वयंसेवक, त्यामुळे ते एलटीएसला तीन वर्षांचा शब्द देतात. लुबुंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आलं आणि त्याची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. लुबुंटू २४.०४ ची मुदत एप्रिल २०२७ पर्यंत आहे. त्याच २४.०४ च्या मूळ उबुंटूला मात्र २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. मेसेज लिहिणाऱ्याने मोठ्या भावाची मुदत धाकट्याच्या नावावर लावली.

यात आणखी एक गोष्ट सुटते. मुदत मोजायची ती आवृत्ती बाहेर पडल्याच्या दिवसापासून, तुम्ही ती मशीनवर टाकली त्या दिवसापासून नाही. २०२५ च्या दिवाळीत ज्याने २४.०४ बसवलं, त्याच्या हातात पाचही नाहीत आणि तीनही नाहीत, जेमतेम दीड वर्ष आहे. त्यातून एखाद्याने ‘नवीन तेच घ्यावं’ म्हणून मधली आवृत्ती उचलली तर आणखी वाईट. एलटीएस नसलेल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने मिळतात. मिरज तालुक्यातल्या एका शाळेच्या लॅबमध्ये सगळ्या मशीनवर २३.१० होतं. ते ऑक्टोबर २०२३ चं, म्हणजे जुलै २०२४ मध्ये संपलेलं. स्कॅनरचं एक पॅकेज टाकायला गेलो, तर टर्मिनलवर ओळीमागून ओळ लाल अक्षरात ‘४०४ नॉट फाउंड’. इंटरनेट व्यवस्थित होतं. मुदत संपलेल्या आवृत्तीची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून काढून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवतात, आणि मशीन मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं. शाळेतले सर महिनाभर इंटरनेटवाल्याला फोन करत होते.

आता ‘अपडेट थांबले तरी बिघडत नाही’ याकडे येतो. यात खरी अडचण अशी की एलटीएसचे अपडेट एका दिवसात थांबतच नाहीत, आणि तिथेच माणूस फसतो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर लुबुंटू २२.०४ चालू होतं. मुदत संपली आहे असं म्हटल्यावर दिवाणजींनी अपडेटची खिडकीच उघडून दाखवली. “संपली कशी म्हणता? हे बघा, आज सकाळीच आलेत की!” यादी खरी होती. त्यात कर्नल (सिस्टीमचा गाभा) होतं, ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) होतं, सिस्टीमच्या दोन-तीन लायब्ऱ्या होत्या. हे सगळं उबुंटूच्या ‘मेन’ भागातलं, त्याला कॅनॉनिकल २०२७ पर्यंत दुरुस्त्या देते. फायरफॉक्सही स्नॅप या वेगळ्या पॅकेज पद्धतीतून आपला आपण नवा होत राहतो.

पण त्या यादीत डेस्कटॉपचं काहीच नव्हतं. पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, म्हणजे एलएक्सक्यूटी या लुबुंटूच्या डेस्कटॉपचा सगळा संसार उबुंटूच्या ‘युनिव्हर्स’ भागात येतो. लुबुंटूसोबत येणारं व्हीएलसीसुद्धा तिथलंच. कॅनॉनिकलच्या फुकटच्या पाच वर्षांत हा भाग धरलेला नाही, तो समुदायाच्या भरवशावर चालतो. फ्लेवरची टीम हात काढून घेते तेव्हा डेस्कटॉपमधल्या चुका दुरुस्त करायला कुणी बांधील राहत नाही. दिवाणजींच्या मशीनवर खालचा पाया नवा होत होता आणि रोज ज्याला हात लागतो तो भाग तसाच पडून होता.

यावर उबुंटू प्रो नावाचा एक उपाय आहे. तो ‘युनिव्हर्स’मधल्या पॅकेजेसनाही सुरक्षेच्या दुरुस्त्या देतो, मुदत दहा वर्षांपर्यंत नेतो आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे. घरच्या एखाद्या मशीनला तो जरूर जोडा. पण वीस मशीनच्या लॅबचं त्यात भागत नाही, आणि लुबुंटूची टीम काही त्यामुळे जुन्या आवृत्तीकडे परत येत नाही.

‘लिनक्सला व्हायरस येत नाही’ हे वाक्य या मेसेजच्याही आधीपासून कानावर आहे. विंडोजसारखा पेनड्राइव्हमधून पसरणारा कचरा लिनक्सवर फारसा दिसत नाही, तेवढं खरं. पण सुरक्षा म्हणजे फक्त व्हायरस नव्हे. २५ जानेवारी २०२२ ला ‘प्वनकिट’ नावाची चूक उघड झाली. पोलकिट हा घटक जवळपास प्रत्येक लिनक्स डेस्कटॉपवर असतो आणि ही चूक त्यात २००९ पासून होती. मशीनवर साधं लॉगिन असलेला कुणीही तिच्या जोरावर थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकत होता. शाळेच्या लॅबमध्ये साधं लॉगिन प्रत्येक विद्यार्थ्याकडे असतं. उबुंटूने त्याच दिवशी १८.०४, २०.०४ आणि २१.१० ला दुरुस्ती दिली. २१.०४ ला दिली नाही, कारण त्याची मुदत २० जानेवारीला, म्हणजे अवघ्या पाच दिवस आधी संपली होती. तारखेला इतकी किंमत असते.

‘कितीही जुन्या मशीनवर चालतं’ हे तर आता सरळ चूक आहे. ३२-बिट मशीनसाठी लुबुंटूची शेवटची एलटीएस १८.०४, आणि तिची मुदत एप्रिल २०२१ मध्ये संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीमध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून. म्हणून मशीन बघताना वर्ष विचारू नका, प्रोसेसर बघा. कोअर टू ड्युओ २००६ पासूनचा असला तरी ६४-बिट आहे, त्यावर काम होतं. २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधला ॲटम एन२७० मात्र ३२-बिटच आहे. तसलं मशीन इंटरनेटला न जोडता टायपिंगपुरतं ठेवावं, आणि ते देणाऱ्याला तसं स्पष्ट सांगावं.

ज्यांना खरोखरच पाच वर्षं हवीत त्यांच्यासाठी सोय आहे. लिनक्स मिंट या उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती लुबुंटूपेक्षा थोडी जड, पण चार जीबीत आरामात बसते. मिंट २२ ची मुदत २०२९ पर्यंत आहे आणि ती एक्सएफसीईलाही तितकीच लागू आहे. किंवा सरळ डेबियनवर एलएक्सक्यूटी घ्या. साधारण तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट, त्यापुढे एलटीएस टीमचा, मिळून पाच. ज्या पेढीवर किंवा पतसंस्थेत संगणकाकडे बघणारं माणूस नाही, तिथे मी आता लुबुंटू बसवत नाही, मिंटच बसवतो.

जिथे लुबुंटू २४.०४ आधीच बसलंय, तिथे आवृत्ती बदलायचा दिवस आत्ताच ठरवावा लागतो. एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जाता येतं, मधली गाळता येत नाही. ती वाटही नवी एलटीएस आल्याबरोबर उघडत नाही, पहिल्या पॉइंट रिलीजनंतर (तोवरच्या दुरुस्त्या घालून त्याच आवृत्तीचा पुन्हा काढलेला संच) उघडते. २४.०४ चा पहिला पॉइंट रिलीज ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आला आणि २२.०४ ची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. म्हणजे बदलायला मिळाले आठ महिने. या वेळीही हिशोब तसाच आहे: पुढची एलटीएस वेळापत्रकाप्रमाणे एप्रिल २०२६ ची, तिचा पहिला पॉइंट रिलीज ऑगस्टमध्ये, आणि २४.०४ ची मुदत एप्रिल २०२७ पर्यंत. शाळांना एप्रिल परीक्षेत जातो आणि मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबलं तर मुदत उलटलेली असते. म्हणून लॅबचं काम २०२६ च्या दिवाळीच्या सुट्टीत धरा. आदल्या दिवशी मुलांच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या, आधी एकाच मशीनवर करून प्रिंटर चालतोय का बघा आणि मग बाकीच्यांना हात लावा.