ग्राहकाला गरम वाटते

मध्यंतरी सर्व्हिस सेंटरला 590 रुपये मोजून मी एक कागद घरी आणला. त्यावर माझी तक्रार इंग्रजीत लिहिली आहे. सरळ मराठीत तिचा अर्थ होतो : ग्राहकाला गरम वाटते. गाडी तापते असं नाही, ग्राहकाला वाटते. खाली निदान : दोष आढळला नाही. म्हणजे दोष असलाच तर तो ग्राहकात. पाचशे रुपये तपासणीचे, नव्वद जीएसटीचे. माझ्या या वाटण्यात सरकारचाही अठरा टक्के वाटा.

वाटतं कुठे, तर डाव्या पायाला. मे महिना, नळ स्टॉपचा सिग्नल, एसी पूर्ण. नाकाच्या शेंड्यावर महाबळेश्वर आणि घोट्यापाशी चंद्रपूर. क्लच दाबून उभं राहावं तर पायमोज्यातून कुणीतरी इस्त्री फिरवतंय असं वाटतं. (पुन्हा वाटतं! त्या कागदाने माझी भाषाच बिघडवली.) उतरून दहा मिनिटांत कोथिंबीर घेऊन परत यावं, तर पायाखालचा मॅट आधीपेक्षा जास्त गरम. यात काही भुताटकी नाही. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, समोरून वारा येत नाही आणि लोखंडात साठलेली सगळी धग वाट फुटेल तिकडे निघते. माझ्या गाडीत ती वाट माझ्या पायाकडे फुटते. पंखा तेवढा मागे राहून घुंघुं करत असतो आणि वॉचमन रोज न चुकता सांगतो, ‘‘साहेब, गाडी चालूच राहिली.’’

टर्बो घेतली ही चूक माझी, हे मान्य. पण मला टर्बो नको होता, मला कमी कर हवा होता. आपल्याकडे पेट्रोल गाडी 4 मीटरच्या आत आणि इंजिन 1200 सीसीच्या आत असलं तर कर 18 टक्के, त्यापुढे 40. मग इंजिन एवढंसं, बॉनेट एवढंसं आणि ताकद मात्र मोठ्या गाडीची हवी, म्हणून त्यात टर्बो. टर्बो म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारं चक्र. तो धूर 900 अंशांपर्यंत तापतो. त्याला चिकटून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कारण 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 हा कडक नियम आला आणि कन्व्हर्टर झटपट तापल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. ही सगळी भट्टी माझ्या गाडीत फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पडद्याच्या, बाजूला आहे. तिथून सायलेन्सरचा पाइप दोन सीटांच्या मधल्या उंचवट्याखालून, म्हणजे बोगद्याखालून, मागे जातो. फायरवॉल या नावाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या अलीकडे थोडा फोम, थोडं कार्पेट आणि माझा पाय.

हे मी सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितलं. त्याने सकाळी साडेनऊला, रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीत, दोन सेकंद मॅटवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘सर, टर्बोचं कॅरॅक्टरिस्टिक आहे.’’ टर्बोला म्हणे कॅरॅक्टर असतं. ट्रायल घ्यायला दुपारी या म्हटलं तर ट्रायलवाला दुपारी जेवायला जातो.

सल्ले भरपूर मिळाले. साडू म्हणाला काळी फिल्म लाव. सुप्रीम कोर्टाने 2012 सालीच काळ्या फिल्मला मनाई केली हे एक, आणि माझा पाय उन्हात नसतो हे दुसरं. ऑफिसातल्या एका पोराने टर्बोला गुंडाळायची गोधडी सुचवली. तशी खरंच मिळते. पण ती घातली की वॉरंटी जाते असं त्याच ॲडव्हायझरने बजावलं, आणि माझी समजूत अशी की वॉरंटी ही कधीही न वापरता जपून ठेवायची वस्तू आहे. बायको म्हणाली, सँडल घाल.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून नुसताच उभा होतो. बॉनेट उघडलं की पुरुष माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. तेवढ्यात सी विंगमधले काका आले. काका एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते, निम्मी सातारा डेपोत. आता मुलाकडे असतात आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये गाड्यांची झडती घेतात.

‘‘काय झालं सायेब?’’

‘‘पाय भाजतो, काका.’’

‘‘कंचा?’’

‘‘डावा.’’

‘‘डावाच?’’ त्यांच्या चेहऱ्यावर एकदम भाऊबंद भेटल्याचा आनंद पसरला. ‘‘मग बरूबर हाय. ड्रायव्हर मानसाचा डावाच भाजतो.’’

आणि भर पार्किंगमध्ये, बी विंगच्या दोन बायका भाजी घेऊन जात असताना, काकांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. उजव्या पोटरीवर केस होते. डावी गुळगुळीत, वांग्यासारखी.

‘‘बगा. बत्तीस वर्सं. आमचं इंजान कुठं असायचं? मांडीला मांडी लावून! वर रेक्झिनचं झाकण, झाकणावर कंडक्टरची ब्याग, ब्यागंवर कंडक्टरचा पावना. आन् तुमी एवढ्याशा चटक्यापायी कंपनीत गेलासा?’’

मी गप्प. काका रंगात आले. स्वारगेटहून निघताना झाकणाच्या कोपऱ्यावर ठेवलेलं कालवण खंबाटकी चढताना रटरटायचं. एकदा शिरवळला चढलेल्या बाईने अंड्यांची टोपली झाकणावर ठेवली आणि साताऱ्याला ती उकडलेली निघाली. ‘‘भांडली का हो?’’ मी विचारलं. ‘‘भांडतीया कशाला? मीठ मागितलं तिनं.’’ कोंबडी बसली असती तर पिल्लं निघाली असती, असंही ते म्हणाले. अंड्यांपर्यंत माझा विश्वास बसला होता. पुढे त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं निवृत्त सुभेदाराने गुडघा खरचटलेल्या पोराकडे पाहावं. तो कागद लागला नव्हता तेवढं हे लागलं. चौदा लाखांची गाडी घेऊन मी लाल डब्याच्या ड्रायव्हरशी पोटऱ्यांची तुलना करत उभा होतो, आणि त्यातही हरत होतो.

मग काकांनी दार उघडून डोकं आत घातलं आणि हुंगलं.

‘‘तंबाखू कोन खातं?’’

इथे एक भानगड सांगितली पाहिजे. पावसाळ्यात उंदरांनी बॉनेटच्या आतला फोम खाल्ला होता. उपाय म्हणून तंबाखूच्या पानांची जुडी बॅटरीशेजारी बांधायची, हे निम्म्या पुण्याला ठाऊक आहे. तेव्हापासून गाडीत पानाच्या टपरीसारखा वास येतो. बायकोने एकदा माझं तोंड हुंगून पाहिलं, मुलीने मित्रांना बसवणं बंद केलं. मी नुसता तंबाखूचा ब्रँड बदलला.

‘‘येसी आतली हवा फिरवतोय न्हवं? मग भायेरचा वास आत कसा?’’ काका म्हणाले. ‘‘उदबत्ती आना.’’

‘‘पेट्रोलची गाडी आहे काका!’’

‘‘आत लावायची हाय, बानेटखाली न्हाई.’’

इंजिन चालू ठेवलं, ब्लोअर बंद केला, काचा वर. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत थांबलो. मग काका पॅडलपाशी वाकून उदबत्ती हळूहळू फिरवू लागले. बाहेर वॉचमनने चपला काढल्या आणि हात जोडले. बी विंगच्या त्याच बायका परत आल्या. ‘‘नवीन घेतली वाटतं? पेढे कुठायत?’’ कशाची पूजा चाललीये हे सांगणं अवघड होतं, म्हणून मीही हात जोडले.

क्लचच्या वर, डाव्या कोपऱ्यात, सरळ चढणारी धुराची रेघ एकदम वाकली आणि सीटकडे पळाली. टॉर्च मारला. फायरवॉलला अंगठा जाईल एवढं भोक. त्यातून दोन वायरी आल्या होत्या, आणि भोकाचं रबरी बूच ब्लेडने चिरून बाजूला लोंबत ठेवलेलं. वायरी फॉग लॅम्पच्या. फॉग लॅम्प शोरूमने ‘बेसिक किट’मध्ये बसवलेले, नको म्हणत असताना. किट घेतल्याशिवाय डिलिव्हरीची तारीख मिळत नव्हती. म्हणजे ज्यांनी भोक पाडलं त्यांच्याच सर्व्हिस सेंटरने भोक न सापडल्याचे माझ्याकडून 590 रुपये घेतले. पुण्यात धुकं किती दिवस असतं हो?

रविवारी नाना पेठेत बूच मिळालं, चाळीस रुपयांना. काकांनी ते बसवलं आणि कडेने ब्युटाइलची टेप दाबली. मी त्यांच्या हाताखाली टॉर्च धरून होतो, म्हणजे तो नीट न धरल्याबद्दल बोलणी खात होतो. बोगद्याच्या बाजूला कार्पेट उचलून चंदेरी वर्खाचा फोमही चिकटवला. तंबाखूचा वास त्याच दिवशी गेला. बायकोने पुन्हा एकदा तोंड हुंगलं, पण यावेळी तारीख लिहून ठेवावी अशा मायेने.

सोमवारी सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीचा फोन. ‘‘सर, तुम्हाला एक कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा पगार कापतात.’’ मी भोकाचं सगळं सांगितलं, उदबत्तीसकट. ती शांतपणे ऐकून म्हणाली, ‘‘ओके सर, म्हणजे आता तुम्हाला गरम वाटत नाही ना?’’ मी दहा दिले. त्या मुलीचा पगार कापून माझा पाय गार होणार नव्हता. पण राग अजून आहे.

काल काकांना साताऱ्याला लग्नाला जायचं होतं, त्यांना स्वारगेटपर्यंत सोडलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि खाली, बरोबर बोगद्याला टेकवून ठेवला. वाटेत तीन सिग्नल लागले, दांडेकर पुलाशी वीस मिनिटं गेली. स्वारगेटला उतरताना काकांनी डब्याला पालथा हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला.

‘‘कोमट हाय,’’ ते म्हणाले. नाराज की समाधानी, ते कळलं नाही.