कोलोसिअमवरची रानफुलं आणि आपला खरवडण्याचा सोस

रोमचं कोलोसिअम आज जसं स्वच्छ, बोडकं दिसतं तसं ते शतकानुशतकं नव्हतंच. रोममधले वैद्य आणि वनस्पती-अभ्यासक डोमेनिको पानारोली यांनी १६४३ मध्ये तिथल्या वनस्पतींची यादी केली, तेव्हा ३३७ प्रकार सापडले. रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने १८५५ मध्ये तर ४२० नोंदवले. जागा किती, तर जेमतेम सहा एकर!

मग १८७० मध्ये पोपची सत्ता गेली, पुढच्याच वर्षी रोम इटलीची राजधानी झालं आणि त्याच वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी सगळं उपटून काढलं. मुळं ओढताना बांधकामच हललं, अशी तक्रार तेव्हाही झाली होती.

ग्लॅडिएटरांच्या खेळांसाठी आफ्रिकेतून आणलेल्या जनावरांच्या चाऱ्यातून हे बी आलं, ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. मला तिची गरज वाटत नाही. बहुतेक झाडं रोमच्या परिसरातलीच. ती तिथे रुजली कारण एकाच वास्तूत खाली ओल आणि सावली, वर रखरखीत ऊन, आणि मधे सगळ्या छटा. म्हणून तर या याद्या मोलाच्या: अलीकडच्या पाहणीत ओलावा लागणाऱ्या जाती घटलेल्या आणि उष्ण, कोरडं हवामान मानवणाऱ्या वाढलेल्या दिसल्या. शहर कसं तापत गेलं, हे त्या भिंतीच सांगतात.

रोमच्या जुन्या तटबंदीवर मी केपरचं झुडूप अगदी जवळून पाहिलं. माती नावालाही नाही. विटांच्या फटीतून फांद्या खाली लोंबलेल्या, पांढऱ्या पाकळ्या आणि त्यातून बाहेर आलेले जांभळट पुंकेसरांचे लांब झुबके. आषाढी द्वादशीला आपण जिची भाजी करतो त्या वाघाटीच्याच कुळातलं हे झाड, फूल पाहताच ओळख पटते.

केपरची, अंजिराची मुळं भिंत फोडतात हे मला मान्य आहे. आपल्या किल्ल्यांच्या तटात पिंपळ-उंबर तेच करतात आणि ते वेळीच काढायलाच हवेत. पण गवत, नेचे, चार महिन्यांत वाळून जाणारी फुलझाडं यांनी कोणता बुरूज पाडला? सरसकट तणनाशक मारणं म्हणजे संवर्धन नव्हे. तटावर कोयता चालवण्याआधी एखाद्या वनस्पतीतज्ज्ञाला सोबत न्या, काय उगवलंय ते लिहून घ्या, फोटो काढा, आणि मगच काय काढायचं ते ठरवा. पानारोलींनी ते पावणेचारशे वर्षांपूर्वी नुसत्या कागद-लेखणीवर केलं होतं.